जुनी ५डी मार्क ३ की नवा आर५०? मी जुनीच्या बाजूने

घाटवाट
मामेभावाला पहिला कॅमेरा घ्यायचाय. हाताशी असलेल्या पैशांत दोनच गोष्टी बसतात: कॅननचा कोरा ईओएस आर५० किट लेन्ससकट, नाहीतर कॅननचीच, मोठ्या सेन्सरची (सेन्सर म्हणजे फोटो टिपणारी चिप), कुणीतरी जपून वापरलेली ५डी मार्क ३. ईएफ माउंटच्या (कॅननच्या जुन्या कॅमेऱ्यांना थेट बसणाऱ्या) दोन लेन्स घरात आधीच आहेत, ५० मिमी एफ/१.८ आणि ७०-३००. त्याला जो भेटतो तो म्हणतो, "इतकं जुनं धूड कशाला?" मला हे अजिबात पटत नाही.

५डी मार्क ३ २०१२ साली आली ती फोटोवर पोट असणाऱ्यांसाठी. शटर दीड लाख क्लिकच्या हिशेबाने बनवलेलं, मागे मोठं चक्र, शेजारी जॉयस्टिक. शिकणाऱ्याला याचाच खरा फायदा. शटर स्पीड (फोटो किती वेळात टिपायचा) तर्जनीखाली, अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडायचं) अंगठ्याखाली. डोळा व्ह्यूफाइंडरला असतानाच दोन्ही बदलता येतात. आर५० ला डायल एकच. मॅन्युअलमध्ये दुसरी गोष्ट बदलायची तर आधी बटण शोधा. असं चारदा झालं की पोरगं ऑटोवर जातं आणि तिथेच राहतं.

शिवाय आर५० चा सेन्सर लहान, त्यामुळे त्यावर ५० मिमी ८० सारखी दिसते. दहा बाय बाराच्या खोलीत आजीचा फोटो काढताना पाठ भिंतीला टेकते, तरी आजी अर्धीच येते.

पाणथळ
असहमत. ७०-३०० घरात आहे म्हणजे आज ना उद्या तो पक्ष्यांमागे जाणार. आता गणित बघा. ३०० मिमीला पक्षी दोन्ही सेन्सरवर तेवढ्याच आकाराचा पडतो. ५डी मार्क ३ चे २२.३ मेगापिक्सेल आर५० च्या सेन्सरएवढे कापले तर पावणेनऊच्या आसपास उरतात. आर५० तेवढ्याच जागेत २४ देतो. पिसं सुटी दिसणं आणि नुसता ठिपका दिसणं, एवढा फरक पडतो यात.

फोकसचं तर विचारूच नका. ५डी चे ६१ पॉइंट सगळे मध्यभागी दाटलेले. भिगवणला कुंभारगावच्या होडीत बसा, होडी डुलतेय, ऑस्प्रे हा शिकारी पक्षी डोक्यावरून आला. नवशिक्याने पॉइंट त्याच्यावर नेईपर्यंत तो मासा घेऊन गेलेला असतो. आर५० पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतो, फ्रेमच्या कडेलाही सोडत नाही, आणि अडॅप्टर लावून तुमच्या ईएफ लेन्सवरही हे चालतं. शिकण्याचंच म्हणत असाल तर रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) पांढरे पंख जादा उजेडाने नुसते पांढरेफटक होतायत हे त्याला क्लिक करण्याआधी व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं. एक्स्पोजर शिकवायला यापेक्षा चांगली सोय कोणती?

मांडव
मी लग्नं करतो, त्यामुळे घाटवाट यांना अनुमोदन. हॉलच्या पिवळ्या मिणमिणत्या उजेडात आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० च्या वर न्यावाच लागतो, तिथे मोठा सेन्सर मोठाच. ५डी त दोन कार्डं बसतात, त्याचं महत्त्व तर सप्तपदीचे फोटो असलेलं कार्ड उघडेनासं झालं की कळतं. आणि एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही: आर५० च्या शूवर (फ्लॅश बसवायच्या खाचेत) जुना स्पीडलाइट म्हणजे कॅननचा फ्लॅश थेट चालत नाही, एडी-ई१ हा वेगळा अडॅप्टर विकत घ्यावा लागतो. ईएफ लेन्सचा अडॅप्टर आणखी निराळा. दोन्हींचे पैसे धरा आणि मग "नवा स्वस्त" म्हणा.

रानजाई
वजनाबद्दल कुणीच बोलत नाहीये. ५डी ची नुसती बॉडी साडेआठशे ग्रॅमच्या वर, आर५० बॅटरी-कार्डासकट पावणेचारशे. पण माझा खरा मुद्दा स्क्रीनचा. कास पठारावर सीतेची आसवं किंवा छोटी सोनकी ही रानफुलं टिपायची तर कॅमेरा जमिनीला लावावा लागतो. ५डी चा स्क्रीन हलत नाही, म्हणजे फोटो काढणारा आडवा होणार. कुठे? फुलांवरच. दर हंगामात ती चिरडलेली बघून जीव तुटतो. आर५० चा स्क्रीन बाहेर उघडून फिरवता येतो. वाटेवर उकिडवं बसून हात पुढे करायचा, एकही रोप मोडत नाही. माझ्यासाठी एवढं कारण पुरेसं आहे.

घाटवाट
ताई, मुद्दा मोलाचा आहे, आणि कासपुरता मी तुमच्या बाजूने. पाणथळ, गणितही मान्य. पण हा मुलगा माणसं टिपतो. गावची जत्रा, पोळा, आषाढात वारी. त्या पावसात आर५० बाहेर काढायचा? त्याला पाणी-धूळ रोखणारं सीलिंगच नाही, ५डी ला आहे.

पाणथळ
बॉडीला आहे, लेन्सला कुठे आहे? तुमची ५० एफ/१.८ सील केलेली नाही. माउंटपाशी पाणी शिरलं की बॉडीचं सीलिंग काय कामाचं? वारीत दोन्हींना प्लास्टिकची पिशवीच लागणार. आणि मूळ काळजी वेगळीच आहे: इतक्या जुन्या बॉडीचं शटर गेलं तर सुटा भाग मिळेल का, आणि मिळाला तरी परवडेल का? विद्यार्थ्याच्या खिशाला वॉरंटी हवी.

घाटवाट
पिशवी लागेल, कबूल. तरीही मी जुनीच सुचवणार. माणसांच्या फोटोत पाखराचा डोळा शोधणारं यंत्र लागत नाही; समोरच्याशी बोलता बोलता बोटांनी कॅमेरा चालवता यावा लागतो. ती सवय पहिल्या कॅमेऱ्यावरच लागते. वॉरंटीची जोखीम मात्र खरी आहे. मांडव, तुम्ही वापरलेल्या बॉड्या घेता. काय बघून घेऊ?

मांडव
मुंबईच्या बोरा बाजारात जा किंवा थेट मालकाकडून घ्या, लॅपटॉप सोबत असू द्या. निकॉनसारखा कॅननच्या फोटोफायलीत शटर काउंट (शटर आजवर किती वेळा पडलं तो आकडा) सापडत नाही, कॅमेरा जोडून सॉफ्टवेअरने वाचावा लागतो. काउंट लाखाच्या वर असेल तर किंमत पाडून मागा, नाहीतर उठा. एफ/१६ ला कोऱ्या भिंतीचा फोटो घेऊन सेन्सरवरचे डाग बघा. दोन्ही कार्डं घालून दोन्हींवर लिहितोय का तपासा. तुमची ५० लावून एफ/१.८ ला तिरक्या ठेवलेल्या पट्टीचा फोटो काढा. फोकस पुढे-मागे पडत असेल तर मेन्यूत मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट आहे, त्याने बसतो. विकणारा कोकणातला असेल तर लेन्समधून टॉर्च मारून बुरशी बघायला विसरू नका. आणि मुलाला सोबत न्या, वजन त्याच्या हाताला पेलतंय का ते तिथेच कळेल.