क्लाउनफिशला गोड्या पाण्याची ‘सवय’ लावणाऱ्यांसाठी

खारट_खवचट: परवा एकाने लिहिलं, “रोज थोडं मीठ कमी करत दोन महिन्यांत क्लाउनला जवळजवळ गोड्या पाण्यावर आणलं, मासा मजेत आहे.” खाली टाळ्यांचा पाऊस. डोकंच फिरलं. अहो, ही सवयीची गोष्ट नाही! समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार, माशाच्या रक्तात त्याच्या साधारण तिसरा हिस्सा. म्हणून तो सतत समुद्र पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात सगळं उलटं: पाणी अंगात शिरतं, मीठ निसटतं. ते पाणी उपसायला त्याची मूत्रपिंडं घडलेलीच नाहीत.

जुना_टँकवाला: गोडं नको, मान्य. पण कमी सॅलिनिटीला (पाण्यातल्या क्षारांच्या प्रमाणाला) सरसकट पाप ठरवू नका. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासाठी मी १.००९ विशिष्ट घनतेवर (समुद्राची साधारण १.०२५) चार आठवडे टँक ठेवलाय, माझा एकही टँग मासा मेला नाही. तांब्याच्या औषधाने मात्र दोन गेले होते.

प्रवाळवेडी: तो उपचार झाला, संसार नव्हे. आणि वेगळ्या टँकमध्ये केलात ना? माझ्या ओळखीच्याने मुख्य टँकमध्येच केलं. कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ, सगळं गेलं.

भरती_ओहोटी: मग मोनो आणि स्कॅट हे मासे कमी खाऱ्या पाण्यात कसे राहतात?

खारट_खवचट: ते खाडीतले! भरती-ओहोटीबरोबर पाणी बदलतं तिथले. क्लाउन आयुष्यभर प्रवाळात राहतो.

प्रवाळवेडी: @जुना_टँकवाला, १.००९ मोजलंत कशावर? काटेवाल्या हायड्रोमीटरवर?

जुना_टँकवाला: हो. दहा वर्षं तोच आहे.

प्रवाळवेडी: मग तो आकडा सोडा. काट्याला बुडबुडा चिकटला की काटा वर जातो, म्हणजे पाणी दिसतं त्याहून पातळ. याच कारणाने माझा एंजल मासा गेला. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून क्षार मोजणारा) घ्या, तोही लिटरला ३५ ग्रॅम क्षारांच्या प्रमाणित द्रावणावर लावून, म्हणजे आकडा जुळवून.

भरती_ओहोटी: १.००९साठी ३५वर कशाला? तो आकडा शून्याजवळचा, डिस्टिल्ड वॉटरवर लावला तरी चालेल.

प्रवाळवेडी: आणि नंतर १.०२५वर परतताना? तेव्हा परत लावणार? कोण लावतं?

जुना_टँकवाला: दहा वर्षं मासे जगवतोय, मला मोजायला शिकवू नका!

खारट_खवचट: भांडा, पण पीएचही (पाणी किती आम्ल-अल्क आहे ते) मोजा. मीठ कमी केलं की क्षारांबरोबर पीएच स्थिर ठेवणारं बफरही पातळ होतं. कित्येक मासे त्यानेच जातात आणि दोष सॅलिनिटीला.

जुना_टँकवाला: …माझा पीएच दुसऱ्या आठवड्यात पडला होता. सोडा घालून सावरला. बुडबुड्याचंही खरं असेल. काटा आपटून घ्यायचो मी, पण दर वेळी नाही.

प्रवाळवेडी: मूळ पोस्टवाल्यांनी वाचलं असेल तर आजच मीठ वाढवायला लागा, पण एकदम नको. खाली आणताना दोन दिवस चालतात, वर नेताना आठवड्याहून जास्त द्या. मासा कोपऱ्यात जाऊन जोरजोरात श्वास घेऊ लागला तर तिथेच थांबा.