मीटर नाही, मग उपशाचा दर ठरवायचा कसा?

प्रश्न
नमस्कार. पारनेर तालुक्यात आमची साडेतीन एकर. ओढ्याकाठी लागून लागून अकरा विहिरी. माझी सात परस (परस म्हणजे पुरुषभर उंची) खोल, यंदा संक्रांतीलाच मोटारीच्या पाईपच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह उघडा पडला. वरच्या अंगाला तिघांचा ऊस. त्यांच्या मोटारींना ऑटो लावलेत. रात्री लाईट आली की मोटार आपोआप सुरू, पहाटे पाट फुटून पाणी रस्त्यावर. भाऊबंदच आहेत, भांडण नको. विजेची आकारणी आधीपासून एचपीवर, म्हणजे मोटारीच्या ताकदीवर, त्यात एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत बिल माफ. त्यांना जादा तासाला रुपयाही पडत नाही, कोरडी पडते माझी विहीर. ग्रामसभेत उपशावर दर लावायचा विषय मांडतोय. पण कोण किती उपसतो हे कुणालाच माहीत नाही. दर काढू कशावरून?

उत्तर १
दादा, पाणी मोजता येत नाही तर पीक मोजा. ऊस काही लपत नाही. एकरी दर पिकावर ठेवा. हिवरे बाजारला दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, मग पिकं ठरतात. तिथं तर ऊस, केळी आणि शेतीसाठी बोअर यांना बंदीच आहे.

उत्तर २
माझा ऊस ठिबकवर आहे. मोकाट भरणाऱ्याला आणि मला एकच दर, हे पटत नाही. पंजाबात २०१८ पासून 'पाणी बचाओ, पैसे कमाओ' योजना आली. ठरलेल्या कोट्यापेक्षा कमी वीज जाळली की वाचलेल्या युनिटला ४ रुपये शेतकऱ्याच्या खात्यात. मीटर म्हटलं की उद्या बिल येईल या भीतीनं आपण हाकलून लावतो. तिथं मीटर असेल तरच पैसे.

उत्तर ३
अर्थशास्त्र शिकवतो म्हणून सांगतो, बिनचूक दर आधी काढावा लागत नाही. बॉमोल आणि ओट्स या अर्थतज्ज्ञांनी १९७१ मध्ये हेच मांडलं: नुकसानीचा हिशेब लागत नसेल तर आधी मर्यादा ठरवा आणि ती गाठेपर्यंत दर हलवत राहा. गावची एक विहीर धरा. पाडव्याला तिच्यात दोन परस पाणी हवं, एवढंच ठरवा. कमी भरलं तर पुढच्या हंगामाला दर वाढवा, जास्त भरलं तर उतरवा. जमा पैसा मात्र एकरी सगळ्यांना परत वाटा, नाहीतर लोक याला पट्टीच समजतील.

प्रश्नकर्ता
सगळ्यांचे आभार. आज शाळेमागच्या विहिरीत दोरीला दगड बांधून सोडला. ओली दोरी दीड परस भरली. दोरी धरायला ऊसवाले चुलतेच आले होते. ठिबकला निम्मा दर म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, एकरी ठिबकला खर्च किती येतो?