दादाभाईंच्या पाच मतांच्या विजयाचं श्रेय इंग्रज मतदाराच्या मोठ्या मनाला? मला अजिबात पटत नाही

अवधूत_ठाणे
परवापासून एक पोस्ट फिरतेय. म्हणे 1892 मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीनं दादाभाई नौरोजींना पार्लमेंटात पाठवलं, गोऱ्या मतदारानं रंग पाहिला नाही, आणि आपण अजून जात बघून शिक्का मारतो. शिका काही इंग्रजांकडून. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर चार जणांनी ती टाकली, म्हणून सविस्तर लिहितोय.

एका निवडणुकीवरून स्वभाव ठरवू नका, त्या जागेचा अख्खा इतिहास बघा. मतदारसंघ 1885 मध्ये झाला आणि 1918 मध्ये मोडीत निघाला. पहिल्या वेळी लिबरल स्पेन्स्ले. पुढच्याच वर्षी हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचे कॅप्टन पेंटन. 1892 मध्ये लिबरल दादाभाई. 1895 मध्ये पुन्हा हुजूर, मॅसी-मेनवेअरिंग. 1906 च्या लिबरल लाटेत कामगार नेते स्टेडमन, 1910 मध्ये परत हुजूर आर्चर-शी. देशात वारा फिरला की ही जागा फिरायची. 1892 मध्ये लिबरल नेते ग्लॅडस्टनकडे वारा होता, तरी दादाभाईंना 2,961 आणि पेंटनना 2,956. पाच मतं! 2,956 जणांनी दुसरीकडे मत दिलं, त्यांचं मोठं मन कुठे गेलं? यश दादाभाईंचं आहे, ते त्यांच्याकडून काढून मतदाराच्या खात्यात टाकू नका.

लंडनवासी_मीनल
ती पोस्ट बाळबोध आहे, मान्य. पण तुम्ही दुसऱ्या टोकाला गेलात. मी क्लार्कनवेलजवळ राहते, म्हणजे दादाभाईंच्या त्याच जुन्या मतदारसंघात, तिथे नौरोजी स्ट्रीट आहे. ती वस्ती घड्याळं बनवणाऱ्यांची, छापखान्यातल्या कामगारांची. 1888 मध्ये खुद्द पंतप्रधान सॉल्सबरी एडिंबरोच्या भाषणात म्हणाले की ब्रिटिश मतदारसंघ अजून 'काळ्या माणसा'ला निवडून देण्याइतका पुढे गेलेला नाही. त्यानंतर चार वर्षांनी या कामगारांनी पंतप्रधानाला तोंडावर उत्तर दिलं. आयरिश स्वराज्यवाले, कामगार संघटना, बायकांच्या मताधिकारासाठी झगडणारे, सगळे पाठीशी उभे राहिले. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं पाठिंबा दिला. हे काहीच नाही का?

अवधूत_ठाणे
मीनलताई, आहे ना. पण ती माणसं मिळवली कुणी? 1886 मध्ये दादाभाई लंडनमधल्याच होबर्नला उभे राहिले आणि सपाटून हरले. तेव्हा कुठे गेलं होतं औदार्य? नंतरची सहा वर्षं त्यांनी सभा घेतल्या, पत्रं लिहिली, कामगारांचे प्रश्न आपले मानले. आणि त्यांच्याच पक्षातले रिचर्ड ईव्ह उमेदवारीवर हक्क सांगत बसले होते, ते भांडण वर्षानुवर्षं चाललं. विरोधकाआधी घरच्यांशी लढावं लागलं या माणसाला. तेव्हा ते साठी ओलांडलेले होते.

गिरगावचा_जुना
पाच नव्हे, तीन मतं. फेरमोजणीत तीन निघाली. अर्धवट माहितीवर धागे काढू नयेत.

अवधूत_ठाणे
निकाल जाहीर झाला तो पाचचा. काही पुस्तकांत पाच आहे, काहींत तीन. माझा मुद्दा तीननं तर आणखी पक्का होतो.

सुजाता_नगरकर
तीन काय नि पाच काय, खरी लढाई मतदार यादीची होती हे कुणी बोलतच नाही. त्या काळी इंग्लंडात सगळ्या पुरुषांनाही मत नव्हतं, बायकांचं तर नावच नको. भाडेकरू म्हणून खोलीत राहणाऱ्यानं दरवर्षी नव्यानं अर्ज करायचा, वर्षभर एकाच जागी राहिल्याचं दाखवायचं. काम सुटलं, खोली बदलली, मत गेलं. दोन्ही पक्षांचे एजंट दरवर्षी यादीच्या सुनावणीत एकमेकांच्या समर्थकांची नावं उडवायचे. पाच मतांची जागा तिथेच ठरते.

मला हे मनापासून लागतं, कारण गेल्या विधानसभेला माझ्या आईचं नाव यादीतून गेलं. बाई चाळीस वर्षं त्याच घरात. बूथवर उन्हात उभी राहिली आणि परत आली. 'फॉर्म भरा' एवढंच उत्तर. आणि आपण इथे कुणाचं मन मोठं यावर वाद घालतोय!

पाटील_कराड
ताईंशी शंभर टक्के सहमत. आमच्या वाडीत मेलेल्यांची नावं आहेत आणि जिवंतांची नाहीत.

लंडनवासी_मीनल
यादीचा धागा वेगळा काढा ना कुणीतरी. विषय फिन्सबरीचा आहे.

अवधूत_ठाणे
उलट सुजाताताईंनी माझंच म्हणणं मांडलं. आणि सर्वांत मोठा पुरावा राहिलाच. 1895 मध्ये दादाभाई पडले. त्याच निवडणुकीत जवळच्याच बेथनल ग्रीन ईशान्य मतदारसंघातून मंचरजी भावनगरी हुजूर पक्षातर्फे 160 मतांनी जिंकले, तेही जॉर्ज हॉवेलसारख्या जुन्या कामगार पुढाऱ्याला पाडून. दोघे मुंबईचे, दोघे पारशी. एक बुडाला, एक तरला. मतदारानं पक्ष बघितला, बस्स.

गिरगावचा_जुना
भावनगरीचं नाव दादाभाईंच्या ओळीत घेऊ नका! काँग्रेसविरोधी, सरकारचा होयबा. दादाभाईंना शह द्यायला हुजूर पक्षानं उभं केलेलं प्यादं. इथे लोक त्यांच्या आडनावाची चेष्टा करायचे ते उगाच नाही.

रोहन_देवगड
होयबा? दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची गाऱ्हाणी पार्लमेंटात सतत कुणी मांडली? भावनगरींनीच. गांधीजींचा त्यांच्याशी पत्रव्यवहार होता. 1906 मध्ये गांधीजी वसाहतमंत्री लॉर्ड एल्गिनना भेटायला शिष्टमंडळ घेऊन गेले, त्यात दादाभाईही होते आणि भावनगरीही. दादाभाईंना त्यांच्या शेजारी बसायला चाललं, तुम्हाला का चालत नाही?

गिरगावचा_जुना
एका शिष्टमंडळानं अकरा वर्षांची खासदारकी धुऊन निघत नाही. हिंदुस्थानचं राज्य उत्तम चाललंय असं पार्लमेंटात सांगणारा आपला माणूस साहेबाला हवाच होता. माझे आजोबा टिळकांच्या सभांना गेलेले, आमच्या घरात भावनगरी हे नाव शिवीसारखं वापरायचे.

रोहन_देवगड
आजोबांचा राग हा पुरावा नव्हे. माझे पणजोबा दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ भागात दुकान चालवायचे. व्यापाराचे परवाने नाकारले जात होते तेव्हा लंडनमध्ये बोलणारा माणूस किती मोलाचा होता हे आमच्या घरात सांगितलं जायचं. तुमचं देशप्रेम गिरगावातून पुढे जात नसेल तर तो तुमचा प्रश्न.

गिरगावचा_जुना
गिरगाव काढायचं कारण नाही! 1849 मध्ये मुंबईत मुलींच्या शाळा काढणाऱ्या मंडळींत दादाभाई होते, मराठी मुलींसाठीसुद्धा. नाना शंकरशेटांनी जागा दिली. तेव्हा दादाभाई आमचेही आहेत, आणि त्यांचा अपमान मी ऐकून घेणार नाही.

सुजाता_नगरकर
दादाभाईंचा अपमान कुणी केला? दोघेही थांबा जरा.

पाटील_कराड
निवडून येऊन दादाभाईंनी मिळवलं काय, हे कुणी सांगेल का? तीन वर्षांत एक कायदा नाही.

लंडनवासी_मीनल
जून 1893 मध्ये आयसीएसची (वरच्या सनदी नोकरीची) परीक्षा इंग्लंडबरोबर हिंदुस्थानातही घ्यावी असा ठराव कॉमन्समध्ये 84 विरुद्ध 76 मतांनी मंजूर झाला. सरकारनं तो गुंडाळून ठेवला, परीक्षा हिंदुस्थानात 1922 मध्ये आली. पुढे हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगावर दादाभाई सदस्य होते आणि समोर साक्ष द्यायला आमचे गोखले. तिशीतला गोखले आयोगापुढे आकडे मांडतो, तेव्हा प्रश्न विचारणाऱ्यांत एक आपला माणूस बसलेला. त्या खुर्चीपर्यंतची वाट क्लार्कनवेलच्या कामगारांनी उघडली, एवढंच मी पहिल्यापासून म्हणतेय.

अवधूत_ठाणे
गोखल्यांचा मुद्दा बिनतोड आहे, देतो तुम्हाला. कामगार मतदारांनी सॉल्सबरीला न जुमानता मत दिलं हेही घ्या. पण 'रंग पाहिला नाही' हे वाक्य मी मरेपर्यंत मान्य करणार नाही. 1906 मध्ये सगळीकडे लिबरल निवडून येत होते तेव्हा ऐंशीचे दादाभाई नॉर्थ लॅम्बेथला पक्षाच्या तिकिटाशिवाय उभे राहिले आणि पडले. त्याच साली भावनगरीही पडले. नंतर लंडनच्या बॅटरसीतून मुंबईचेच पारशी सकलातवाला 1922 आणि 1924 मध्ये आले, पण 1929 मध्ये तेही गेले. थेट 1987 मध्ये गोव्याच्या घराण्यातले कीथ वाझ लेस्टरमधून येतात. एवढी मोकळी मनं होती तर मधली दशकं अशी का गेली?

लंडनवासी_मीनल
हा प्रश्न योग्य आहे. उत्तर माझ्या बाजूनं जात नाही, तेही दिसतंय. तरी त्या 2,961 माणसांना मी लाटेतला पाचोळा म्हणणार नाही.

गिरगावचा_जुना
2,959. फेरमोजणी धरा.

रोहन_देवगड
भावनगरींवर स्वतंत्र धागा काढतोय आज रात्री. गिरगावचे काका, कागद घेऊन या.