मदत हवी आहे: प्रोजेक्ट संपल्यावर टीममधल्या प्रत्येकाला मार्क कसे द्यायचे?

नमस्कार मंडळी, मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत (वितळलेला धातू साच्यात ओतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, करायचा कारखाना) डेव्हलपमेंट बघतो. पंप बॉडीच्या एका नवीन कास्टिंगचं काम होतं, सॅम्पल पास होऊन प्रॉडक्शन सुरू झालंय, पण मधे पावसाळ्यात ब्लोहोलनं (कास्टिंगच्या आत गॅस अडकून पडलेलं भोक) रिजेक्शन लय झालं आणि डिलिव्हरी लांबली. आता मालक म्हणालेत, टीममधल्या प्रत्येकाला दहापैकी मार्क दे, दिवाळीच्या बोनसचं त्यावरनं बघू.

अडचण अशी की ब्लोहोल दिसतो मशीनशॉपला, पहिला कट मारल्यावर, पण झालेला असतो मागे कुठंतरी. कोअरनं (कास्टिंग आतनं पोकळ राहावं म्हणून साच्यात ठेवतात तो वाळूचा गाभा) ओल धरली असेल, साच्याच्या वाळूत मॉइश्चर जास्त असेल, व्हेंट (गॅस बाहेर जायची वाट) बुजला असेल नाहीतर मेटल थंड ओतलं असेल, आणि कित्येकदा दोन-तीन गोष्टी मिळून होतं. आमचे कोअर त्या दमट हवेत रॅकवर पडून राहायचे कारण मोल्डिंग लाईन (साचे करायची लाईन) दुसऱ्या जॉबला दिलेली, आणि ती दिली प्लॅनिंगनं. मग कोअरशॉपच्या पोरांचे मार्क कापायचे काय? मला तर हा सरळ अन्याय वाटतो. उलट एका जुन्या मोल्डरनं सुचवलं की कोअर वापरायच्या आधी परत ओव्हनमध्ये सुकवून घ्या, तिथनं रिजेक्शन उतरलं, पण त्याचं नाव कुठल्याच रिपोर्टात नाही!

अमेरिकन आर्मीत १९७० च्या दशकात सुरू झालेली आफ्टर ॲक्शन रिव्ह्यूची पद्धत वाचली. काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं, हे सगळ्यांनी हुद्दा बाजूला ठेवून बोलायचं. मला पटलं. पण आमच्यात मालक समोर बसले की माणसं गप्प, त्यात मोल्डिंगवाले बहुतेक कन्नड बोलणारे, मराठीत मीटिंग झाली की नुसती मान हलवतात आणि खरं कारण नंतर चहाच्या गाड्यावर सांगतात.

तर विचारायचं हे की मालकांना न बसवता अशी मीटिंग कुणी घेतलीय काय, आणि बोनस त्यापासनं वेगळा ठेवा हे त्यांना कसं पटवलं? पैशाचा संबंध आला की खरं कोण बोलणार. मार्क द्यायचेच झाले तर अख्ख्या टीमला एकच मार्क चालतो काय, की मग जे मन लावून काम करालेत त्यांच्यावर अन्याय होतो? मराठी-कन्नड दोन्हीत फॉर्म असला कुणाकडे तर प्लीज इथं टाका, दसऱ्याच्या आधी यादी द्यायचीय.