वर्गणीदारांची यादी कुणाच्या बापाची?

चिमणराव_नव्हे: 'द लॅडर' हे लेस्बियन मासिक ऑक्टोबर १९५६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निघालं. 'डॉटर्स ऑफ बिलिटिस' या लेस्बियन बायकांच्या संघटनेचं मुखपत्र. पहिला अंक जेमतेम पावणेदोनशे प्रतींचा. १९७० मध्ये संघटनेची अध्यक्ष रिटा लापोर्ट आणि मासिकाची संपादक बार्बरा ग्रिअर यांनी वर्गणीदारांची यादी, सुमारे ३,८०० नावं, कुणाला न सांगता नेव्हाडात नेली आणि मासिक संघटनेपासून वेगळं काढलं. माझ्या मते बरंच केलं! देशपातळीवरची संघटना त्याच वर्षी मोडली. मासिकही तिच्याबरोबर बुडालं असतं.

शाईचे_डाग: साफ असहमत. त्या काळात असं मासिक घेणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडायची तयारी. सरकारी नोकरीतून तर समलैंगिकांना शोधून शोधून काढत होते. अंक साध्या खाकी पाकिटात जायचा. म्हणून तर दुसऱ्याच अंकात संपादक अ‍ॅन फर्ग्युसन यांनी लेख लिहून हमी दिली होती की तुमचं नाव आमच्याकडे सुरक्षित आहे. (हे 'अ‍ॅन फर्ग्युसन' फिलिस लायन यांचं टोपणनाव. थोड्याच महिन्यांत त्यांनी 'अ‍ॅन वारल्या' असं जाहीर करून खरं नाव लावलं. बाई भारीच!) अशा हमीवर मिळालेली यादी परस्पर परराज्यात?

चिमणराव_नव्हे: नेणाऱ्या कोण? खुद्द अध्यक्ष आणि संपादक. यादी पोलिसांच्या हाती दिली नाही, त्याच बायकांना अंक पाठवले. शिवाय स्त्रीवादी चळवळ जोरात होती, मासिकाला तिकडे वळायचं होतं. जुन्या मंडळींना ते झेपत नव्हतं.

गोधडी: हे काही पटत नाही. जुनी मंडळी म्हणजे संघटनेच्या संस्थापक डेल मार्टिन आणि लायनच ना? त्या स्वतःच स्त्रीवादी चळवळीत उतरल्या होत्या. वाद विचारांचा कमी, न विचारता नेण्याचा जास्त. आणि मासिकाचा कायापालट ग्रिअरच्या आधीच झालेला. बार्बरा गिटिंग्ज संपादक असताना मुखपृष्ठावर चित्रांच्या जागी खऱ्या बायकांचे फोटो आले. जानेवारी १९६६ च्या अंकावर लिली व्हिन्सेन्झ थेट कॅमेऱ्याकडे बघून हसतेय. आधीचे फोटो बघा, कुणी पाठमोरी, कुणी काळ्या चष्म्यात. मला विचाराल तर खरी क्रांती ती.

पावशेर: अवांतर: मुंबईत स्त्री संगम या लेस्बियन-बायसेक्शुअल बायकांच्या गटाचं, म्हणजे पुढच्या लेबियाचं, 'स्क्रिप्ट्स' हे नियतकालिक निघायचं. त्यावर वेगळा धागा काढा की कुणीतरी.

शाईचे_डाग: +१ गोधडी. आणि यादी नेऊन मिळालं काय? संघटनेचा आधार तुटला, पैसे आटले, १९७२ मध्ये मासिक बंद. १९७३ मध्ये ग्रिअर नायाड प्रेस ही लेस्बियन पुस्तकांची प्रकाशनसंस्था काढण्यात पुढे, आणि पुस्तकं खपवायला हीच यादी हाताशी. बायकांनी पत्ता मासिकाला दिला होता, पुस्तकं विकणाऱ्यांना नाही.

चिमणराव_नव्हे: मग काय, यादी सॅन फ्रान्सिस्कोत कपाटात ठेवून वाळवीला घालायची होती? नायाडची पुस्तकं तीस वर्षं निघत राहिली. घेणाऱ्यांनी घेतलीच ना!