छापील आणि ऑनलाइन वाचकांचा एकच आकडा जाहिरातदाराला द्यावा का?

धंतोलीकर (धागालेखक)

नागपुरातल्या एखाद्या दुकानदाराने दसऱ्याच्या जाहिरातीसाठी तीन वृत्तपत्रांकडे चौकशी केली, तर त्याच्यासमोर तीन निराळ्या जातीचे आकडे येतात. पहिले वृत्तपत्र ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्सने, म्हणजे एबीसीने, प्रमाणित केलेला खप सांगते. दुसरे इंडियन रीडरशिप सर्व्हेमधली, म्हणजे लोकांच्या मुलाखती घेऊन केलेल्या आयआरएस या पाहणीमधली, वाचकसंख्या पुढे करते. ती बहुधा २०१९च्या अखेरच्या तिमाहीची असते, कारण मे २०२० मध्ये तो अहवाल आला आणि त्यानंतर वर्षानुवर्षे नवा निघाला नाही. तिसरे वृत्तपत्र छापील वाचकसंख्येत संकेतस्थळाचे मासिक वापरकर्ते मिळवते आणि त्या बेरजेला ‘एकूण पोहोच’ असे भारदस्त नाव देते. दुकानदार बिचारा तिन्ही आकडे एका रांगेत मांडतो आणि साहजिकच सर्वांत मोठ्या आकड्याकडे झुकतो.

माझे म्हणणे असे की, छापील अंक, ई-पेपर, संकेतस्थळ आणि ॲप या सगळ्यांवर मिळून प्रत्यक्ष किती माणसे त्या वृत्तपत्रापर्यंत पोहोचतात, याचा दुबार मोजणी वगळलेला एकच आकडा एखाद्या स्वतंत्र संस्थेने शहरनिहाय द्यावा. हे अशक्य नाही. ब्रिटनमध्ये पॅमको ही संस्था २०१६ मध्ये स्थापन झाली, तिने जुन्या नॅशनल रीडरशिप सर्व्हेची जागा घेतली आणि २०१८ पासून असे एकत्रित आकडे प्रसिद्ध केले. तिची मूळ रचना अशी होती की, वर्षाला सुमारे ३५,००० मुलाखती समोरासमोर घ्यायच्या आणि सुमारे ५,००० जणांच्या संमतीने त्यांच्या फोन व संगणकांवरील वाचनाची नोंद ठेवायची, म्हणजे कागदावर वाचणारा आणि पडद्यावर वाचणारा माणूस एकच आहे की दोन, हे त्या गटावरून ठरवता येते. आपल्याकडे प्रकाशक, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था मिळून हे का करू शकत नाहीत?

गठ्ठेवाला

आपली सूचना कागदावर छान आहे, परंतु मला ती मुळातच मान्य नाही. वृत्तपत्राच्या वितरण विभागात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या दृष्टीने या सगळ्या व्यवहारात खरोखर मोजली जाणारी गोष्ट एकच आहे, आणि ती म्हणजे विकली गेलेली प्रत. एबीसी १९४८ पासून हे काम करते. जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर अशा सहा-सहा महिन्यांचे हिशेब तपासले जातात. कागद किती आला, किती छापला, एजंटांनी किती प्रती उचलल्या, किती परत आल्या आणि पैसे किती जमा झाले, हे सगळे एकमेकांशी ताडून पाहिले जाते. यात कोणाच्या स्मरणशक्तीचा प्रश्न येत नाही.

पाहणीवर विसंबून राहिल्यास काय होते, हे नागपूरकरांना तरी सांगायला नको. आयआरएस २०१३चे निष्कर्ष जानेवारी २०१४ मध्ये आले, तेव्हा देशातील १८ मोठ्या वृत्तसमूहांनी संयुक्त निवेदन काढून ते फेटाळले. त्या निवेदनातले एक ठळक उदाहरण आपल्याच शहरातले होते: साठ हजारांहून अधिक प्रमाणित खप असलेल्या ‘हितवाद’ला या पाहणीत एकही वाचक सापडला नव्हता! गोखल्यांच्या काळापासून, १९११ पासून, निघणारे इंग्रजी दैनिक. नागपुरातल्या जुन्या वकिलांच्या घरी ते पिढ्यानपिढ्या येते. आणि पाहणी म्हणते की ते कोणी वाचतच नाही. त्याच निवेदनात असेही म्हटले होते की, ‘हिंदू बिझनेस लाइन’चे वाचक चेन्नईपेक्षा मणिपूरमध्ये तिप्पट दाखवले गेले. अशा पाहणीच्या पायावर आपण आता ऑनलाइनचा आणखी एक मजला चढवायला निघाला आहात.

आकडेमोड

‘हितवाद’चे उदाहरण प्रत्येक वेळी पाहणीपद्धतीच्याच विरोधात वापरले जाते. ते कशाविरुद्ध पुरावा आहे, हे जरा नीट पाहू या.

२०११च्या जनगणनेनुसार नागपूर महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. साठ हजारांपैकी निम्म्याच प्रती शहरात खपतात आणि प्रत्येक प्रत दोघे जण वाचतात, असे अगदी हात आखडून धरले, तरी वाचक साठ हजार होतात, म्हणजे अडीच टक्के. आता शहरातील ५०० माणसे खरोखर यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, निवडली, तर त्यांत त्या दैनिकाचा एकही वाचक न सापडण्याची शक्यता दहा लाखांत तीन-चार इतकी निघते. तात्पर्य असे की, शून्य हा आकडा नमुना लहान असल्यामुळे आला, हे स्पष्टीकरण टिकत नाही. एक तर मुलाखती मोजक्याच वस्त्यांत गोळा झाल्या असाव्यात, किंवा नावाची नोंद कुठेतरी गळाली असावी, किंवा मुलाखतकाराने आपले काम केले नसावे. हे तिन्ही दोष प्रत्यक्ष कामातले आहेत आणि ते शोधून काढता येतात. पद्धत बाद ठरवण्याचे कारण त्यातून निघत नाही.

मात्र धंतोलीकरांशीही माझा मतभेद आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. दुबार मोजणी वगळणे हे ऐकायला जितके सोपे वाटते तितके नाही. समजा, शहरातील ४० टक्के लोक एखादे दैनिक कागदावर वाचतात आणि ३० टक्के त्याचे संकेतस्थळ पाहतात. एकत्रित वाचक किती? ऑनलाइन वाचणारे सगळेच कागदही वाचत असतील तर ४० टक्के, आणि त्यांतला एकही कागद वाचत नसेल तर ७० टक्के. दोन्ही सवयींचा परस्परांशी काहीच संबंध नाही असे गृहीत धरले, तर ५८ टक्के. हे तिन्ही आकडे त्याच दोन खऱ्या मोजमापांतून निघतात. त्यामुळे प्रकाशक ज्या आकड्यावर दर ठरवणार, तो बहुतांशी मधल्या गृहीतकातून आलेला असेल. पॅमकोने त्यासाठी ५,००० जणांचा गट ठेवला तो उगाच नव्हे. पण तो गट संपूर्ण देशासाठी होता. त्यातून एकट्या नागपूरएवढ्या शहराच्या वाट्याला किती माणसे येतील, याचा अंदाज आपणच करावा.

संकेतस्थळवाला

छापील अंकाच्या बाजूने बोलणारे ‘विकली गेलेली प्रत’ म्हणजे जणू ब्रह्मवाक्य असल्यासारखे बोलतात. वार्षिक वर्गणीसोबत प्रवासी बॅग किंवा प्रेशर कुकर देऊन वाढवलेला खप हा बातम्यांचा वाचक मोजतो की कुकरचा ग्राहक? एबीसीचे अशा योजनांबाबत नियम आहेत, हे मला ठाऊक आहे. परंतु नियमात बसलेली प्रत उघडली गेली का, या प्रश्नाचे उत्तर त्या प्रमाणपत्रात नसते आणि असूही शकत नाही. घडीही न मोडता रद्दीत जाणारे अंक प्रत्येक अपार्टमेंटमध्ये दिसतात.

याउलट ऑनलाइन मोजणीत प्रत्येक उघडलेल्या पानाची नोंद होते. अर्थात माझ्याच क्षेत्रातल्या त्रुटी मी झाकून ठेवणार नाही, कारण त्या न सांगता एकत्रित आकड्याची मागणी करणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमचा ‘वापरकर्ता’ हा पुष्कळदा माणूस नसून ब्राउझर असतो. एकच वाचक सकाळी फोनवर, दुपारी कार्यालयातील संगणकावर आणि रात्री फेसबुकच्या आतल्या ब्राउझरमध्ये आला, तर लॉग-इन नसल्यास तो तिघांसारखा मोजला जातो. सफारी ब्राउझर पानावरच्या स्क्रिप्टने ठेवलेली ओळखखूण सात दिवसांनंतर पुसून टाकतो, त्यामुळे दर दहा दिवसांनी येणारा आयफोनधारक महिन्यात तीन ‘नवे’ वाचक निर्माण करतो. शिवाय कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेली ई-पेपरची पीडीएफ वाचणारी माणसे आमच्या मोजणीत येतच नाहीत. तो प्रकार इतका वाढला होता की, २०२० मध्ये इंडियन न्यूजपेपर सोसायटीने त्याविरुद्ध सूचना काढली होती. थोडक्यात, आमची मोजणी एकीकडे फुगते आणि दुसरीकडे गळते.

स्थानाचा प्रश्न तर विदर्भासाठी फारच महत्त्वाचा आहे. मोबाइल इंटरनेट वापरणाऱ्याचे गाव आयपी पत्त्यावरून ओळखले जाते, तेव्हा कंपनीचे जाळे जिथे मोठ्या इंटरनेटला जोडलेले असते त्या शहराचे नाव अनेकदा लागते. म्हणून नागपूरच्या प्रतापनगरात बसलेला वाचक मुंबईत किंवा पुण्यात दिसू शकतो.

एवढे असूनही मी धंतोलीकरांच्या बाजूने आहे. दोन्हीकडची मोजमापे अपुरी आहेत, म्हणूनच ती एका स्वतंत्र छताखाली एकमेकांवर तपासून घेतली पाहिजेत.

महालकर

चर्चा विद्वत्तापूर्ण चालली आहे; पण पैसे ज्याच्या खिशातून जातात त्याचेही ऐकावे, म्हणून लिहितो. नागपूरच्या महाल भागात आमचे साड्यांचे दुकान आहे आणि जाहिरात आम्ही वडिलांच्या काळापासून देत आलो आहोत.

मला एकत्रित आकडा मुळी नकोच आहे. संकेतस्थळवाला सांगतात ती स्थानाची अडचण बाजूला ठेवली, तरी नागपूरच्या बातम्या वाचणारा मोठा वर्ग हिंजवडीत, बंगळुरूत आणि अमेरिकेत बसलेला आहे. माहेरची बातमी वाचायला ही मंडळी संकेतस्थळावर येतात याचा आनंदच आहे; परंतु रविवारी दुपारी ती माझ्या दुकानाची पायरी चढणार नाहीत. एकत्रित आकड्यात हे लोक आणि इथल्या नंदनवन वस्तीतले कुटुंब सारखेच मोजले जाईल, आणि दर मात्र त्या एकूण आकड्यावर आकारला जाईल.

दुसरे असे की, पाहणे आणि वाचणे यांची मापे दोन्हीकडे एक नाहीत. ऑनलाइन जाहिरातीच्या आंतरराष्ट्रीय निकषानुसार चित्र-जाहिरातीचा निम्मा भाग सलग एक सेकंद पडद्यावर दिसला की ती ‘दिसली’ असे धरतात. ब्रिटनच्या जुन्या पाहणीत मात्र अंक किमान दोन मिनिटे वाचला किंवा चाळला असेल, तरच तो माणूस वाचक ठरत असे. एक सेकंद आणि दोन मिनिटे यांची बेरीज करणे म्हणजे किलोमध्ये मीटर मिळवण्यासारखे आहे. मला दोन आकडे वेगवेगळे द्या. बेरीज करायची की नाही, ते मी ठरवीन.

धंतोलीकर (धागालेखक)

महालकरजी, आपल्या आक्षेपाला उत्तर एकत्रित मोजणीतच आहे. दोन आकडे वेगवेगळे दिले, तर आपणच मनातल्या मनात त्यांची बेरीज करणार. मानवी स्वभाव तसा आहे. आपल्या मनात राहणारा प्रश्न असा असतो की, कागदावर जाहिरात दिल्यानंतर संकेतस्थळावरही पैसे खर्च केले, तर किती नवी घरे मिळतील. त्याचे उत्तर दोन सुट्या आकड्यांतून कधीच मिळत नाही, कारण त्यासाठी दोन्हीकडे आढळणारी माणसे किती, हे कळावे लागते. हा आच्छादित भाग, आणि तोही फक्त नागपूर शहरात राहणाऱ्यांचा, मोजला जावा ही माझी मागणी आहे. हिंजवडीतला वाचक त्यात आपोआप वगळला जाईल, कारण मुलाखत त्याच्या घरी होणारच नाही.

गठ्ठेवालाजी, खपाचे प्रमाणपत्र रद्द करा असे मी कुठेही म्हटलेले नाही. पाहणीतून निघणाऱ्या छापील वाचकसंख्येला तोच खप लगाम घालील: शहरातील प्रमाणित खपाच्या कितीतरी पट, किंवा शून्य, असा निष्कर्ष आला, तर तो प्रसिद्ध करण्यापूर्वीच थांबवता येईल. २०१४ मध्ये असा लगाम असता, तर ‘हितवाद’चे शून्य बाहेर आलेच नसते.

गठ्ठेवाला

लगाम कोणाच्या हाती राहणार, एवढेच सांगा. पाहणीच्या खर्चाचा मोठा भार प्रकाशकांवर पडतो. ज्याचा क्रमांक घसरतो तो निष्कर्ष नाकारतो आणि पुढच्या वेळी वर्गणी रोखतो. त्या वादानंतर पाहणी रखडली आणि २०१७ची पाहणी जानेवारी २०१८ मध्ये आली, हे उगीच झाले का? आणि खप दर सहा महिन्यांनी येत राहिला, तो कोणाला रुचो वा न रुचो.

आकडेमोड

खर्चाचा विषय निघालाच आहे, तर हिशेब मांडतो. पाच टक्के वाचक असलेल्या दैनिकाचे प्रमाण एक टक्क्याच्या इकडेतिकडे नेमके हवे असेल, तर साध्या यादृच्छिक निवडीत सुमारे १,८०० मुलाखती लागतात. प्रत्यक्षात मुलाखती वस्तीवार गठ्ठ्यांनी घेतल्या जातात आणि शेजारी-शेजारी राहणाऱ्यांच्या सवयी मिळत्याजुळत्या असतात, म्हणून त्याच्या दुप्पट, साडेतीन हजारांहून अधिक मुलाखती धराव्यात. धरमपेठ आणि कळमना अशा एकेका वस्तीचे आकडे स्वतंत्र हवे असतील, तर संख्या आणखी वाढते. फोनवरच्या नोंदीसाठी लागणारा गट निराळाच, आणि त्यासाठी प्रत्येकाची लेखी संमती व मोबदला आला. एका शहरासाठी हा खर्च फक्त वृत्तपत्रांनी उचलावा, असे म्हणणे अव्यवहार्य आहे. आणि त्यांनी उचललाच, तर गठ्ठेवालांची शंका रास्त ठरते.

धंतोलीकरांच्या लगामाबद्दल एकच दुरुस्ती सुचवतो. खपाशी न जुळणारा निष्कर्ष गुपचूप थांबवू नये. त्या वस्त्यांत मुलाखती पुन्हा घ्याव्यात आणि किती ठिकाणी तसे करावे लागले, हे अहवालातच छापावे. नाहीतर पाहणी खपाची सावली होऊन बसेल आणि तिच्यावर वेगळा खर्च करण्याचे कारणच उरणार नाही.

महालकर

वाटा उचलायला आमच्यासारखे दुकानदार तयार होतील. महालात, इतवारीत आणि सीताबर्डीवर मिळून सणासुदीच्या जाहिरातींवर जो पैसा जातो, त्याच्या मानाने वर्षातून एकदा दिलेली वर्गणी जड नाही. मात्र माझ्या दोन अटी राहतील. प्रत्येक आकड्यासोबत तो किती कमी-जास्त असू शकतो, हे त्याच ओळीत आणि त्याच टंकाच्या आकारात छापलेले असावे. दुसरी अट अशी की, दोन वृत्तपत्रांमधील फरक त्या मर्यादेच्या आत असेल, तर कोणीही आपल्या दरपत्रकावर ‘नागपुरात क्रमांक एक’ असे छापू नये. या दोन्ही अटी प्रकाशकांनी लेखी मान्य केल्या, तर सराफा आणि कापड बाजारातल्या व्यापाऱ्यांशी मी स्वतः बोलतो.