फेस आला म्हणजे जखम साफ झाली असं नाही

पू झालेल्या जखमेवर फरशी पुसायचं जंतुनाशक पातळ करून ओतावं, असा सल्ला काही जण देतात. कृपा करून असलं काही करू नका. जंतू मरोत न मरोत, भरून येणारी नवी कातडी मात्र नक्की भाजते.

हायड्रोजन पेरॉक्साइडचंही तेच. तो फसफसणारा पांढरा फेस बघून बरं वाटतं खरं, पण तो रक्तातल्या आणि पेशींतल्या विकरामुळे (एन्झाइममुळे) सुटणारा ऑक्सिजन असतो. जखमेत जंतू नसले तरी येतो!

पहिल्या महायुद्धात अलेक्झांडर फ्लेमिंग (पुढे पेनिसिलिन शोधणारे) यांनी दाखवलं होतं की खोल जखमेच्या कानाकोपऱ्यांत ही जंतुनाशक द्रव्यं पोचत नाहीत, उलट जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मारतात. त्याच काळात शल्यचिकित्सक कॅरेल आणि रसायनशास्त्रज्ञ डेकिन यांना ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटने (ब्लीचमधल्या जंतुनाशकाने) यश आलं. पण आधी मेलेलं मांस कापून, मग नळ्यांतून दर दोनेक तासांनी ताजं द्रावण सोडून. हा भाग सगळे सोयीस्कर विसरतात.

घरी सलाईन किंवा पिण्याचं वाहतं पाणी पुरे. लाली पसरतेय, ताप आलाय किंवा लाल रेघ वर सरकतेय, तर जंतुनाशकाची बाटली बाजूला ठेवून डॉक्टर गाठा, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.